डग्लस क्लार्क : कोळशाची पोती, स्क्रम आणि पंचाण्णव टक्के

१/
४ जुलै १९१४. सिडनी क्रिकेट मैदानावर ब्रिटनच्या नॉर्दर्न युनियनचा रग्बी संघ आठ दिवसांतील तिसरी कसोटी ऑस्ट्रेलियाविरुद्ध खेळत होता. उत्तरार्ध सुरू होऊन थोडाच वेळ झाला असताना एक धिप्पाड फॉरवर्ड मैदानाबाहेर पडला. त्याचा अंगठा आधीच मोडला होता. आता खांद्याजवळचे हासळीचे हाडही मोडले होते. त्याच्या डोळ्यांत पाणी होते, ते वेदनेपेक्षा सोबत्यांना अर्ध्यावर सोडून जावे लागत असल्याचे. तो तेवीस वर्षांचा डग्लस क्लार्क.

२/
रग्बीच्या इतिहासात लक्षात राहतात ते बहुधा चेंडू घेऊन सुसाट पळणारे खेळाडू. फॉरवर्डचे काम धावफलकावर दिसत नाही. तो रेटतो, अडवतो, चिखलात पडून चेंडू मागे पोहोचवतो. क्लार्कने हे काम वीस वर्षे केले. त्याची कहाणी मात्र मैदानापुरती नाही. कष्टकऱ्याच्या शरीराची किंमत कोण ठरवते आणि ती कशी चुकती करते, हा प्रश्न त्याच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा उभा राहिला.

३/
या प्रश्नाची सुरुवात क्लार्कच्या लहानपणीच झाली होती. रग्बीचे नियंत्रण तेव्हा लंडनच्या रग्बी फुटबॉल युनियनकडे होते. हौशीपणा हे तिचे ब्रीद. खेळासाठी पैसा घेणे म्हणजे खेळ बाटवणे, अशी तिची धारणा. सुखवस्तू घरांतील तरुणांना हे तत्त्व परवडत होते. यॉर्कशायर आणि लँकेशायरमधील खाणमजूर व गिरणीकामगारांचे तसे नव्हते. शनिवारी सामन्यासाठी काम सोडले की तेवढी मजुरी बुडत असे.

४/
उत्तरेकडील क्लबांची मागणी साधी होती : बुडालेल्या मजुरीची भरपाई द्या. ती फेटाळली गेली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात बैठक झाली आणि क्लबांनी स्वतंत्र नॉर्दर्न युनियन स्थापन केली. भरपाईची मर्यादा ठरली दिवसाला ६ शिलिंग. आज ‘रग्बी लीग’ म्हणून ओळखला जाणारा खेळ या तंट्यातून जन्मला. ‘रग्बी लीग’ हे नाव संघटनेने पुढे १९२२ मध्ये स्वीकारले.

५/
जुन्या युनियनने याला कठोर उत्तर दिले. नॉर्दर्न युनियनच्या खेळात जो उतरेल त्याला तिच्या मैदानांची दारे कायमची बंद. एकाच खेळाच्या दोन पंगती झाल्या आणि दुसऱ्या पंगतीत बसलेल्याला पहिलीत परतता येईना. नव्या संघटनेने हळूहळू नियमही बदलले. १९०६ मध्ये पंधराऐवजी तेरा खेळाडूंचा संघ आला. त्यांत सहा फॉरवर्ड. खेळ वेगवान झाला, तसे फॉरवर्डचे कामही वाढले. रेटणाऱ्याला आता पळावेही लागू लागले.

६/
क्लार्कचा जन्म १८९१ चा. इंग्लंडच्या वायव्येला कंबरलँड परगण्यातील मेरीपोर्ट हे बंदर. त्याला लागून असलेले एलेनबरो हे त्याचे गाव. वडिलांचा कोळशाचा व्यवसाय होता. शाळा सुटताच मुलगा त्याच कामाला लागला. कोळशाची पोती उचलायची, गाडीवर चढवायची, गिऱ्हाइकाच्या दारी उतरवायची. पुढे ज्या पाठीच्या आणि मांड्यांच्या ताकदीची वाहवा झाली, ती आधी या कामात घडली.

७/
दुसरी शाळा आखाड्याची. कंबरलँडच्या मातीत कुस्तीचा एक जुना स्थानिक प्रकार आजही टिकून आहे. दोघे मल्ल छातीला छाती भिडवून उभे राहतात, हनुवटी प्रतिस्पर्ध्याच्या उजव्या खांद्यावर टेकवतात आणि त्याच्या पाठीमागे स्वतःचे दोन्ही हात गुंफतात. पकड सुटली तरी हार. पावलांखेरीज अंगाचा कोणताही भाग जमिनीला लागला तरी हार. क्लार्क या कुस्तीत नामवंत झाला. तोल सांभाळून समोरच्याचे वजन पेलण्याची ही विद्या स्क्रममध्ये थेट कामी येणारी होती.

८/
१९०९ मध्ये हडर्सफील्ड क्लबने या अठरा वर्षांच्या पोराला घेतले. ज्या गावात नॉर्दर्न युनियन जन्मली, त्याच गावचा हा संघ तेव्हा आकार घेत होता. त्यात होता क्लार्कच्याच वयाचा सेंटर हॅरॉल्ड वॅगस्टाफ, पुढे संघाचा कर्णधार. सिडनीहून आला होता विंगवर धावणारा आल्बर्ट रोझेनफेल्ड. वेल्समधून आला बेन ग्रोनो, क्लार्कबरोबर खांद्याला खांदा लावणारा फॉरवर्ड.

९/
रोझेनफेल्डने १९१३-१४ च्या एका हंगामात ८० ट्राय केले. हा विक्रम आजतागायत कोणी मोडलेला नाही. पण विंगरच्या हाती चेंडू येतो तो सहा जणांनी स्क्रममध्ये मिळवून दिल्यावर. ८० या आकड्यामागे क्लार्क आणि त्याच्या सोबत्यांची रेटारेटी आहे. फॉरवर्डची मेहनत मोजण्याचे माप मात्र तेव्हाच्या नोंदवह्यांत नव्हते.

१०/
१९११ मध्ये, विशीतच, क्लार्क आंतरराष्ट्रीय कसोटी खेळला. त्या वर्षी आलेल्या ऑस्ट्रेलेशियन संघाने मालिका जिंकली. समुद्रापलीकडे हा खेळ रुजण्याची कथाही एका खांद्याशी जोडलेली आहे. सिडनीचा ॲलेक बर्डन हा व्यवसायाने नाभिक. १९०७ मध्ये खेळताना त्याचा खांदा दुखावला, काम थांबले आणि रग्बीच्या संघटनेने भरपाई दिली नाही. या प्रकरणाने खेळाडूंतील असंतोष पेटला आणि त्याच वर्षी तेथे स्वतंत्र लीग उभी राहिली. उत्तर इंग्लंडमधील तक्रार आणि सिडनीतील तक्रार एकच होती.

११/
१९१४ च्या उन्हाळ्यात वॅगस्टाफच्या नेतृत्वाखाली नॉर्दर्न युनियनचा संघ ऑस्ट्रेलियाला गेला. क्लार्क त्या संघात होता. २७ जूनला पहिली कसोटी : पाहुण्यांचा २३-५ असा विजय. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड मारला गेला. २९ जूनला दुसरी कसोटी : ऑस्ट्रेलियाचा १२-७ असा विजय. मालिका बरोबरीत आली होती. सिडनीतील प्रेक्षकांना साराजेव्होपेक्षा तिसऱ्या कसोटीची उत्सुकता अधिक होती.

१२/
ही तिसरी कसोटी नंतर मेलबर्नला होणार होती. यजमानांनी ती पुढे ओढून ४ जुलैला सिडनीतच ठेवली; लोकांची गर्दी आणि तिकिटांचे उत्पन्न हातचे जाऊ द्यायचे नव्हते. ब्रिटिश संघाचे अनेक खेळाडू जायबंदी होते. व्यवस्थापकांनी विरोध केला. अखेर मायदेशातील पदाधिकाऱ्यांची तार आली : खेळा. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईआधी नेल्सनने आरमाराला दिलेला, प्रत्येकाने कर्तव्य बजावावे असा संदेश त्या तारेत आळवला होता.

१३/
यातील विसंगती नजरेआड करू नये. ज्यांना मजुरी मागितल्याबद्दल प्रतिष्ठित रग्बीने पंगतीतून उठवले, त्याच कामगारांना आता साम्राज्याच्या थोर परंपरेची आठवण करून दिली जात होती. आणि ती आठवण करून देणारी संघटना मजुरीच्याच प्रश्नावरून जन्मली होती. कर्तव्याची भाषा वरून खाली येते तेव्हा मोडणारी हाडे सहसा खालच्यांची असतात.

१४/
सामना सुरू झाला आणि काही मिनिटांतच विंगवरच्या फ्रँक विल्यम्सच्या पायाला दुखापत झाली. क्लार्कचा अंगठा मोडला. तो बांधून तो खेळत राहिला. तरीही मध्यंतराला ब्रिटिश संघ ९-० असा पुढे होता : विली डेव्हिसचा एक ट्राय आणि फुलबॅक आल्फ वूडचे तीन गोल. त्या काळी बदली खेळाडू नव्हता. जो पडला त्याची जागा रिकामी राहायची. जखमी खेळाडूच्या जागी दुसरा उतरवण्याची मुभा या खेळात १९६४ मध्ये आली.

१५/
उत्तरार्धात पडझड झाली. चेंडू घेऊन मुसंडी मारताना क्लार्क आदळला आणि हासळीचे हाड मोडले. खांदा बांधून त्याने पुन्हा उभे राहण्याचा प्रयत्न केला, जमले नाही. याच क्षणी तो रडत बाहेर गेला. विल्यम्सही बाहेर पडला. बिली हॉल डोक्याला मार लागून बाहेर नेला गेला. तेरा विरुद्ध दहा. जवळजवळ अर्धा तास काढायचा होता.

१६/
उरलेल्या दहांनी तो काढला. वॅगस्टाफने जणू मैदानभर एकट्याने अडवणूक केली. विडनेसचा फॉरवर्ड चिक जॉन्सन विल्यम्सच्या जागी विंगवर गेला होता. त्याने चेंडू पायाने ढकलत नेऊन ट्राय केला. वूडने त्यावर गोल मारला. १४-०. मग ऑस्ट्रेलियाने शेवटी शेवटी दोन ट्राय केले, पण वेळ संपली. १४-६. मालिका ब्रिटिश संघाने जिंकली. क्लार्कने तो शेवट बाजूला उभा राहून पाहिला.

१७/
हा सामना ‘रॉर्क्स ड्रिफ्ट कसोटी’ या नावाने इतिहासात गेला. जानेवारी १८७९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील रॉर्क्स ड्रिफ्ट या ठाण्यावर सुमारे दीडशे ब्रिटिश सैनिकांनी हजारो झुलू योद्ध्यांना थोपवले. ११ जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या घटनेवरून हे नाव. पण झुलूंच्या भूमीवर चढाई ब्रिटिशांनीच केली होती आणि त्याच दिवशी इसंडल्वाना येथे त्यांचा दारुण पराभवही झाला होता. नावे गौरवासाठी निवडली जातात, तेव्हा असा बराच इतिहास बाहेर ठेवला जातो.

१८/
त्या सामन्यानंतर बरोबर एका महिन्याने, ४ ऑगस्ट १९१४ रोजी, ब्रिटनने युद्ध पुकारले. युद्ध लवकर संपेल या समजुतीने स्पर्धा चालू राहिल्या. क्लार्कचे हाड सांधले. १९१४-१५ च्या हंगामात हडर्सफील्डने चारही मोठे करंडक जिंकले. यॉर्कशायर कपच्या अंतिम सामन्यात हल ३१-० असा, अजिंक्यपदाच्या सामन्यात लीड्स ३५-२ असा आणि चॅलेंज कपमध्ये सेंट हेलेन्स ३७-३ असा पराभूत झाला. चौथा मान यॉर्कशायर लीगचा.

१९/
या संघाला ‘सर्व गुणवंतांचा संघ’ असे म्हटले जाई. त्यानंतर अधिकृत स्पर्धा थांबल्या आणि संघ पांगला. हडर्सफील्डचा फॉरवर्ड फ्रेड लाँगस्टाफ १९१६ मध्ये युद्धात मारला गेला. १९१४ च्या दौऱ्यातील वॉल्टर रोमन आणि बिली जार्मन हेही त्याच वर्षी गेले. स्क्रममध्ये जे खांदे एकमेकांना टेकलेले असत, त्यांतले काही परत आले नाहीत.

२०/
क्लार्क लष्कराच्या आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये, मोटार वाहतूक विभागात दाखल झाला. लंडनजवळ ग्रोव्ह पार्क येथे त्यांचा तळ होता. वॅगस्टाफ, ग्रोनो, रोझेनफेल्ड हेही तेथे आले. नोव्हेंबर १९१६ मध्ये जुन्या रग्बी युनियनने लष्करी संघांपुरती बंदी शिथिल केली. ज्यांच्यासाठी दारे कायमची बंद होती, त्यांना गणवेश चढताच आत घेण्यात आले. १९१६-१७ च्या हंगामात ग्रोव्ह पार्कचा संघ २६ सामने खेळला आणि केवळ एक हरला. खेळ होता पंधरा जणांचा, म्हणजे प्रतिष्ठितांचाच.

२१/
१९१७ मध्ये क्लार्क आघाडीवर होता. तोफांना दारूगोळा पोहोचवणाऱ्या लॉऱ्या चालवण्याचे काम. आघाडीमागची वाहतूक म्हणजे सुरक्षित नोकरी असे वाटत असेल, तर बेल्जियममधील पॅशनडेलचा रणसंग्राम आठवावा. पावसाने आणि तोफमाऱ्याने जमिनीचा राडा झालेला, रस्ते मोजके आणि त्या रस्त्यांवरच शत्रूच्या तोफा नेम धरून बसलेल्या. लहानपणी कोळसा वाहणारा हा माणूस आता गोळे वाहत होता.

२२/
तेथे तो जखमी झाला, विषारी वायूच्या माऱ्यातही सापडला. शौर्याबद्दल त्याला मिलिटरी मेडल मिळाले. हे पदक अधिकारी नसलेल्या सैनिकांसाठी १९१६ मध्ये सुरू झाले होते. सैन्यातून सुटताना त्याच्या हाती अपंगत्वाचा दाखला पडला : ९५ टक्के. वायूने फुप्फुसे जाळलेल्या, जखमांनी खिळखिळ्या झालेल्या माणसाच्या शरीरात सरकारी हिशेबाने आता फक्त पाच टक्के उरले होते.

२३/
क्लार्कने त्या दाखल्याशी वाद घातला नाही. तो पुन्हा सरावाला लागला. युद्धानंतर हडर्सफील्डचा संघ पुन्हा जमला, तेव्हा तो फॉरवर्डच्या रांगेत होता. १९२० मध्ये त्याची पुन्हा ऑस्ट्रेलिया दौऱ्यासाठी निवड झाली. त्या वर्षी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात हडर्सफील्ड हलकडून ३-२ असा हरला, तेव्हा वॅगस्टाफ, ग्रोनो आणि क्लार्क दौऱ्यासाठी जहाजावर होते. दौऱ्यात मालिका ऑस्ट्रेलियाने २-१ अशी जिंकली. सिडनीत रडत मैदान सोडणारा माणूस सहा वर्षांनी, युद्ध आणि वायू पचवून, त्याच देशात कसोटी खेळत होता. एवढे पुरेसे होते.

२४/
हे चमत्कार म्हणून सांगण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. क्लार्क उभा राहिला म्हणून पॅशनडेलच्या वायूत सापडलेला प्रत्येकजण मनाच्या बळावर उभा राहू शकला असता, असे नाही. असंख्य सैनिक त्या खोकल्यासह जगले आणि त्यातच गेले. तसेच दाखल्यावरचा आकडा खोटा होता, असेही नाही. कामगाराचे शरीर किती सोसू शकते हे कागदावर ठरत नाही, इतकेच क्लार्कने दाखवले. आणि ते किती सोसते, हे मोजण्याची गरज ज्यांना वाटायला हवी होती, त्यांना ती क्वचितच वाटली.

२५/
१९२९ पर्यंत तो हडर्सफील्डकडून खेळत राहिला. वीस वर्षे, एकच क्लब, पाचशेच्या आसपास सामने. चाळिशीच्या उंबरठ्यावर त्याने रग्बीचे बूट ठेवले आणि १९३० च्या दशकात, मल्लांचे वय उलटून गेलेले असताना, तिकीट लावून होणाऱ्या व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात उतरला. मेरीपोर्टच्या आखाड्यात शिकलेली पकड त्याला पुन्हा कामी आली. १९५१ मध्ये त्याचे निधन झाले.

२६/
त्याने युद्धकाळात लिहिलेली दैनंदिनी आज लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. फॉरवर्डच्या मेहनतीची नोंद ठेवणारे रकाने खेळाच्या वह्यांत नव्हते. या फॉरवर्डने निदान रणांगणावरच्या दिवसांची नोंद स्वतःच्या हाताने ठेवली. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा वह्या सेनापतींच्या आत्मचरित्रांइतक्याच मोलाच्या असतात, कारण त्यांत युद्ध लॉरीच्या चाकामागून दिसते.

२७/
राहता राहिली ती दोन पंगतींची गोष्ट. युद्ध संपताच सैनिकांपुरती दिलेली सवलत संपली आणि दारे पुन्हा बंद झाली. ज्या क्लार्कने गणवेशात युनियनच्या नियमांनी सामने जिंकून दिले, तो गणवेश उतरताच पुन्हा परका ठरला. रग्बी युनियनने खेळाडूला मोबदला देणे अखेर ऑगस्ट १९९५ मध्ये मान्य केले. जॉर्ज हॉटेलातील बैठकीला त्या महिन्यात शंभर वर्षे पूर्ण होत होती. मागणी होती दिवसाला सहा शिलिंगांची.